वाढवा

सोनटक्के मॅडमनी माझ्या हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "ओजस, तूच वाढव."

मी विचारलं, "किती?"

सगळे हसले. मी गंमत करतोय असं त्यांना वाटलं, कारण ऑफिसात मी तेवढ्यासाठीच ओळखला जातो. पण मी मनापासून विचारलं होतं. आम्ही लिफ्ट बनवतो. त्या दिवशी आमच्या नव्या चाचणी-मनोऱ्याचं उद्घाटन होतं. लिफ्ट जे बोलते ते मी लिहितो. 'कृपया दरवाजापासून दूर उभे राहा' हे माझं आहे. त्यामुळे 'वाढवा' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एक बटण येतं. आवाज वाढवा. वेग वाढवा. नारळ वाढव म्हटल्यावर तो किती वाढवायचा, हा मला रास्त प्रश्न वाटला.

"अरे, शुभकार्यात फोड म्हणत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "नारळ वाढवायचा. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. मराठी लिहायला ठेवलंय ना तुला?"

नारळ माझ्या हातातून निसटला आणि फरशीवर आपोआप वाढला.

सकाळचे नऊ वाजले होते. त्या दिवशी दुपारी तीन वाजता, सोलापुरातल्या एका उपचार केंद्रात, अंबादास वेळापुरे नावाच्या माणसाचं बोलणं कायमचं एका यंत्राच्या हवाली होणार होतं. तेही त्यांच्या स्वतःच्या सांगण्यावरून, असं सगळे समजत होते. गेल्या अकरा आठवड्यांत त्यांनी सात वेळा एकच शब्द उच्चारला होता, आणि त्या दिवशी सकाळी आठव्यांदा.

वाढवा.

त्यांचा जन्म बार्शीत बांगड्यांच्या दुकानात गेला होता. आणि त्या शब्दासमोर 'अर्थ' या रकान्यात जे लिहिलं होतं, ते मी लिहिलं होतं.

*

वेळापुरेकाकांना मी कधी भेटलो नव्हतो. आमची ओळख कोड्यावरची.

रोज सकाळी सहा वाजता मोबाईलवर एक कोडं येतं. तीन अक्षरांचा शब्द ओळखायचा, सहा प्रयत्न. अक्षर बरोबर जागी असेल तर घर हिरवं होतं, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळं, शब्दात नसेलच तर राखाडी. लाखो लोक खेळतात आणि विसरतात. आम्ही तिघं विसरत नव्हतो. मी पुण्यात, भैरवी अकोल्याला, ती दातांची डॉक्टर, आणि काका बार्शीला. आमचा नियम असा की आपण जे शब्द टाकले, चुकलेले धरून, ते त्याच क्रमाने ओळींच्या शेवटी घ्यायचे आणि कविता करायची. चूक लपवायची नाही. भैरवी म्हणायची, ही कविता कमी आणि एक्स-रे जास्त आहे.

काका दुपारी दीडला दुकान बंद करून जेवायला जात, त्याआधी खेळत. त्यांचा आवाजी निरोप ठरलेला असायचा. "दुकान वाढवलं. आता कोडं." चार वर्षं, रोज. मी तो हजार वेळा तरी ऐकला असेन. मला वाटायचं, धंदा वाढतोय.

त्यांचा पहिला शब्द कायम एकच. बांगडी. बांगडीतलं एकही अक्षर कोड्यात नसलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बांगडी. मी एकदा त्यांना समजावलं, "काका, मराठीत सगळ्यात जास्त येणारी अक्षरं घेऊन सुरुवात करा. आकडेवारी आहे त्याची." त्यावर त्यांचा निरोप आला, "आरं गाढवा, गिऱ्हाईक आल्यावर आधी बांगडी दावायची का आकडेवारी?"

गाढवा हे माझं नाव होतं. ओजस म्हणून त्यांनी मला कधी हाक मारली नाही. त्यांची एक कविता मला पाठ आहे:

तुझ्या हातात माझी बांगडी,
माझ्या डोक्यावर तुझी टोपली,
बाजार उठला, गुंडाळ पथारी,
नवरा इचारतो, कुठाय भाकरी?

मग काकांना मेंदूचा झटका आला. शुद्ध परत आली, नजर परत आली, ऐकू सगळं येत होतं. हात, पाय, ओठ, जीभ मात्र गेले. माणूस आत आणि दार बाहेरून बंद.

*

आता यंत्राबद्दल सांगतो. मी डॉक्टर नाही, पण अकरा आठवडे ह्याच विषयावर बोललोय.

आपण 'पाणी' म्हणतो तेव्हा मेंदू आधी ओठांना आणि जिभेला हुकूम पाठवतो. काकांचे हुकूम निघत होते, पोचत नव्हते. म्हणून केंद्रातल्या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूच्या त्या भागावर केसाहून बारीक अशा चारशे तारांची जाळी बसवली. जाळी हुकूम ऐकते आणि संगणक त्यावरून अक्षर ओळखतो. अडचण अशी की काकांचे हुकूम फार क्षीण होते. दहातली दोन अक्षरं नीट यायची. उरलेली आठ कुठून आणायची?

त्याला 'भरण' म्हणतात. संगणकाला त्या माणसाचं जुनं बोलणं आणि लिहिणं शिकवतात, आणि मग तो मधल्या जागा अंदाजाने भरतो. मोबाईल पुढचा शब्द सुचवतो तसंच, फक्त इथे सुचवलेला शब्द माणसाच्या तोंडून बाहेर पडतो, त्याच्याच आवाजात. भरण वीस असलं की माणूस अडखळतो पण बोलतो स्वतः. भरण नव्वद असलं की वाक्यं सुंदर येतात. ती कोणाची, हे विचारू नये.

संगणकाला शिकवायला काकांच्या चार वर्षांच्या कविता आणि निरोप मीच दिले. फार अभिमान वाटला होता. आणि मग ती यादी.

जाळी काही मोजके शब्द भरणाशिवाय, थेट ओळखू शकते. तातडीचे शब्द. शलाका, म्हणजे काकांची मुलगी, तेव्हा दवाखाना आणि नोकरी यांत पिचलेली होती. ती म्हणाली, "ओजस, तुझ्याशी ते रोज बोलायचे. शब्द तूच काढून दे." मी दहा शब्द काढले, समोर अर्थ लिहिले. चाचणीत त्यातले चारच नीट ओळखू आले. हो, पाणी, दुखतंय, वाढवा. 'थांबा' आणि 'पाणी' यांत यंत्राचा गोंधळ व्हायचा. काका थांबा म्हणाले की नर्स पाणी घेऊन यायची. म्हणून थांबा काढून टाकला. 'नाही' पण काढला, कारण हो म्हटलं नाही म्हणजे नाहीच, असं ठरलं.

व्हिडिओवरून मीच त्यांना ते चार शब्द वाचून दाखवले. अर्थ वाचले नाहीत. मराठी माणसाला 'वाढवा'चा अर्थ काय वाचून दाखवायचा?

आठवड्याने काका पहिल्यांदा म्हणाले, वाढवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि भरण वीसचं तीस केलं.

*

तीनच्या कार्यक्रमासाठी मी सोलापूरला जाणारच होतो. गाडी नऊ पन्नासला पुण्याहून सुटली. मी शलाकाला फोन लावला.

"पेढे घेतलेस ना?" ती म्हणाली.

"शलाका, आजचं पुढे ढकल."

"काय?"

मी सांगितलं. नारळ, बांगडी, दुकान. फोनवर सांगताना ते सगळं फार हास्यास्पद वाटत होतं. सात वेळा भरण वाढवलं आणि सातही वेळा ते 'बंद करा' म्हणत होते, हे वाक्य माझ्या तोंडून विनोदासारखंच निघालं. यादी मी लिहिली होती, हे सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नाही. सांगितलं नाही.

ती म्हणाली, "बाबा समोरच आहेत. त्यांनाच विचारते."

फोनमधून तिचा आवाज ऐकू आला. बाबा, ओजस म्हणतोय, तुम्हाला हे यंत्र नकोय. मग दोनेक सेकंदांनी काकांचा आवाज. काकांचाच, घोगरा, बार्शीचा.

"प्रिय ओजसची काळजी मला समजते. पण या प्रवासात मी समाधानी आहे. त्याला सांग, मनावर ओझं घेऊ नकोस."

नव्वद टक्के भरण असलेल्या यंत्राला, भरण नको आहे का, असं विचारलं होतं. आणि उत्तर देताना ते खोटंही बोलत नव्हतं. त्याने फक्त सगळ्यात शक्य असलेलं, सगळ्यात सभ्य वाक्य निवडलं होतं.

"ऐकलंस?" शलाका म्हणाली.

"ते मला प्रिय ओजस म्हणाले."

"मग?"

"ते मला गाढव म्हणतात."

तिने फोन ठेवला.

मी भैरवीला लिहिलं. ती एका पेशंटचा दात मध्येच सोडून बसली असावी, कारण पाच मिनिटांत तिने अकरा आठवड्यांची कोडी काढून पाठवली. भरण पन्नासच्या वर गेल्यापासून काकांचा पहिला शब्द बांगडी नव्हता. रोज 'वारसा' होता. सगळ्यात जास्त येणारी अक्षरं. मी दिलेली आकडेवारी, यंत्राने ऐकली होती. आधी काकांना पाच-सहा प्रयत्न लागायचे. आता दोन.

'आपल्याला दिसलं नाही?' भैरवीने लिहिलं.

दिसलं होतं. मागच्याच आठवड्यात काकांच्या नावाने ही कविता आली होती:

अंधाराच्या दारी मी मागतो वारसा,
माझ्याच डोळ्यांत विरघळतो माझाच आरसा.

मला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. मी तीन बदाम पाठवले होते. भैरवीने लिहिलं होतं, 'काका, आजारपणाने तुमची कविता परिपक्व झाली.' आतमध्ये एक माणूस दुकान वाढवा, दुकान वाढवा असं ओरडत होता, आणि आम्ही बाहेर त्याच्या प्रतिमांचं कौतुक करत होतो.

'तीन वाजता काय होतं नक्की?' तिने विचारलं.

'भरण शंभर झालं की इतक्या तारांची गरज उरत नाही. जंतुसंसर्ग नको म्हणून चारशेतल्या बारा ठेवतात, बाकी मिटवतात. मिटवलेली तार परत ऐकत नाही.'

तिचं उत्तर आलं: 'पळ.'

मी ट्रेनमध्ये होतो. तरी उठून उभा राहिलो.

*

केंद्राच्या दारात शलाका उभी होती. तिला पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होतो. ती जमीन मोजणीच्या खात्यात आहे, उन्हाने रापलेली, आणि माणसाकडे बघताना त्याची हद्द कुठे संपते ते ठरवून मोकळी होते. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पेढे नाहीत," मी म्हणालो.

"दिसतंय."

"शलाका, एक सांगायचंय. ती यादी..."

"तू केलेली. मला माहितीय, मीच सांगितलं होतं तुला."

"अर्थ पण मी लिहिले. वाढवासमोर 'भरण वाढवणे' मी लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. दुकान वाढवणं म्हणजे काय ते मला आज सकाळी कळलं."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला माहिती होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दुकान वाढवणं म्हणजे काय ते. कासाराची पोर आहे मी. घरात कुणाच्या हातून काच पडली तरी आजी म्हणायची, वाढली. मला पहिल्याच वेळी शंका आली होती." तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. "तिसऱ्या वेळी खात्री झाली असती, पण मी होऊ दिली नाही. तुझी यादी होती ना छापील. त्यात अर्थ लिहिला होता. मी तो धरून बसले."

"का पण?"

"बारावीला मी तालुक्यात पहिली आले ओजस. बाबा काय म्हणाले माहितीय? 'बरं.' नोकरी लागली, 'बरं.' आई गेल्यावर दीड वर्ष मी त्यांचं सगळं केलं. बरं पण नाही. आणि भरण साठ झाल्यावर एक दिवस ते म्हणाले, शलाका, तू माझा अभिमान आहेस. त्यांच्या आवाजात. आता रोज म्हणतात. रोज सकाळी मी ते ऐकून कामावर जाते." ती हसल्यासारखं करून थांबली. "आणि तू म्हणतोस, ते बंद करायचं."

मला विनोद सुचला नाही. हे माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

"मी म्हणत नाही," मी म्हणालो. "ते म्हणतायत. म्हणजे बहुतेक. एकदा विचारून तर बघू. फक्त त्यांना."

*

डॉक्टर नूतन बिराजदार यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे चष्मा पुसला.

"बघा, तुमचं म्हणणं खरं असू शकेल. पण माझ्याकडे एक सहीचा कागद आहे, आठ वेळा नोंदलेला शब्द आहे, आणि एक यादी आहे त्यात अर्थ आहे. तुमच्याकडे काय आहे? नारळ."

"भरण शून्य करा. एक तास."

"शून्यावर त्या चार शब्दांपलीकडे ते काही बोलू शकणार नाहीत, आणि तुमच्या प्रश्नाला आलेलं नुसतं 'हो' मला पुरणार नाही. वाक्य तर सोडाच."

"कोडं खेळता येईल?"

त्या थांबल्या. जाळीची पहिली ओळख कोड्यावरच झाली होती, कारण त्यात माणूस एका वेळी एकच शब्द, अक्षर अक्षर करून मनात म्हणतो. शून्य भरणावर काही चालण्यासारखं असेल तर तेवढंच.

"तीन अक्षरांचे सहा शब्द," त्या म्हणाल्या. "आणि खेळाच्या शब्दकोशात नसलेला शब्द तो घेत नाही, हे लक्षात ठेवा. सहा शब्दांत मला स्पष्ट कळलं पाहिजे. नाही कळलं तर तीन वाजता मी ठरल्याप्रमाणे करीन. शलाकाताई, तुमची संमती?"

शलाकाने मान हलवायला इतका वेळ लावला की मी घड्याळ बघितलं.

काकांची खोली स्वच्छ होती आणि काका माझ्या कल्पनेपेक्षा लहान होते. उशीवर डोकं, डोळे उघडे. मी त्यांना दिसलो की नाही, माहीत नाही. "काका, मी," म्हणालो. पडद्यातून लगेच त्यांचा आवाज आला, "ये प्रिय ओजस, तुझ्या येण्याने ही खोली उजळली." डॉक्टरांनी खटका खाली केला. नव्वद, साठ, तीस, शून्य. आवाज बंद झाला. शलाकाने डोळे मिटून घेतले.

पडद्यावर त्या दिवसाचं कोडं होतं. रिकाम्या सहा ओळी. उत्तर मला माहीत होतं, गाडीत सोडवलं होतं मी. काजवा.

दीड वाजला. दुकान वाढवायची वेळ.

वीस मिनिटं काहीही झालं नाही. पडद्यावर जाळीची रेघ थरथरत होती. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. एक वाजून बावन्न मिनिटांनी पहिल्या घरात एक अक्षर उमटलं.

बां.

मग सात मिनिटांनी ग. मग डी.

मी हुंदका दिला आणि त्याच वेळी कपाळावर हात मारला. सहा शब्द होते माणसाकडे. जगाला सांगायला फक्त सहा. आणि त्यातला पहिला त्यांनी सवयीने गिऱ्हाइकाला बांगडी दाखवण्यात घालवला. तिन्ही घरं राखाडी झाली.

"हे त्यांचंच आहे," शलाका पुटपुटली.

दुसरी ओळ लवकर आली, जणू रस्ता सापडला होता. म. शी. न. मशीन. राखाडी, राखाडी, राखाडी.

तिसरी. वा. ढ. वा.

शेवटचा वा हिरवा झाला. कोड्यात प्रगती होती. आमच्यात नव्हती.

"मशीन वाढवा," डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं. "ओजस, हे तर माझ्या बाजूने झालं."

खरंच होतं ते. मशीन वाढवा. दोन वाजून सव्वीस मिनिटं. बाहेर शस्त्रक्रियेच्या खोलीची तयारी चाललेली ऐकू येत होती, स्टीलच्या ट्रेचा आवाज. मी काकांच्या कानाशी वाकलो. "काका, त्यांना कळत नाहीये. मलाही कळलं नव्हतं. अजून एक शब्द द्या."

"सुचवू नका," डॉक्टर म्हणाल्या.

मी मागे झालो. चौथ्या ओळीत पहिलं घर बराच वेळ लुकलुकत राहिलं. दु आला. दुखतंय असणार, मला वाटलं. चार अक्षरांचं झालं असतं ते, पण घाबरलेल्या माणसाला अक्षरं मोजता येत नाहीत. मग 'का', पिवळा. मग न.

दुकान.

शलाका खाली बसली. तिने डॉक्टरांकडे बघितलं, आणि अकरा आठवडे जे ती बोलली नव्हती ते बोलली. "आमच्याकडे दुकान बंद करतात तेव्हा वाढवतात म्हणतात, मॅडम. मशीनचं दुकान वाढवा. ते हेच म्हणतायत. पहिल्या दिवसापासून हेच म्हणतायत."

"माझी आजी पण म्हणायची," डॉक्टर हळूच म्हणाल्या. मग त्यांनी दारातून बाहेर कोणाला तरी सांगितलं, तयारी थांबवा. ह्या वेळी पाणी घेऊन कोणी आलं नाही.

मी सुटकेचा श्वास सोडणार होतो. पण शलाका पलंगाजवळ गेली. दोन ओळी उरल्या होत्या.

"बाबा," ती म्हणाली. "ते अभिमान वगैरे. ते तुम्ही म्हणत होता का?"

माझ्या मनात आलं, खोटं बोला काका. आयुष्यात एकदा.

पाचवी ओळ. न. मग मोठा थांबा. व्ह. तो.

नव्हतो.

तिने मान खाली घातली. माणसाने आपला आवाज परत घेतला होता आणि पहिल्याच तासात त्या आवाजाने मुलीला हे सांगितलं होतं. मला यंत्राचा तो प्रिय, सभ्य, खोटा काका एक क्षण हवासा वाटला.

मग सहाव्या ओळीत अक्षर आलं. ख. बराच वेळ. रं. आणखी वेळ. य.

खरंय.

पडद्यावर लाल पट्टी आली. 'हा शब्द कोशात नाही.' तिन्ही अक्षरं पुसली गेली आणि ओळ पुन्हा रिकामी झाली. ह्या खेळाला बोलीतले शब्द चालत नाहीत. त्यावरून काका चार वर्षं चिडत आले होते.

पण आम्ही तिघांनी वाचलं होतं. शलाकाने तर वाचल्यावर तोंडावर हात घेतला. मी ते म्हणत नव्हतो. ते खरं आहे. तिने बाबांचा हात हातात घेतला, जसा ते गिऱ्हाइकाचा घेत असतील, बोटं जवळ करून, मापासाठी.

"बरं," ती म्हणाली.

एक ओळ अजून शिल्लक होती. मला वाटलं, आता काका कोडं सोडवतील. 'का' त्यांना मिळाला होता, शेवटचा 'वा' हिरवा होता, काजवा अगदी समोर होता. दोन वाजून छप्पन्न मिनिटांनी पहिलं अक्षर उमटलं.

गा.

मग ढ.

"ढ कशाला परत?" डॉक्टर काळजीने पुढे झाल्या. "तो तर तिसऱ्या ओळीतच राखाडी आलाय. शब्दात ढ नाही हे त्यांना कळलेलं आहे. गोंधळ होतोय का त्यांचा?"

मग वा.

खेळाने तो शब्द घेतला. कोशात होता. पडद्यावर 'आज जमलं नाही, उद्या पुन्हा या' असं आलं, आणि शलाका रडता रडता हसायला लागली, थांबेचना. काकांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं, हलणार नव्हतं, पण डोळे सरळ माझ्यावर होते.

डॉक्टरांनी पेन उघडलं. त्यांना प्रत्येक शब्दाची नोंद करावी लागते, आणि समोर अर्थ.

"हे कोणाला उद्देशून आहे?" त्यांनी विचारलं.

मी हात वर केला.